शिपायांच्या पहाऱ्यातला आंबा : मुंबईच्या रोपवाटिकांची दोन शतके

१/ माझगावात एके काळी आंब्याच्या एका झाडावर शिपायांचा पहारा असे. १८०९ मध्ये मुंबईत आलेल्या मारिया ग्रॅहम या इंग्रज प्रवासिनीने ही हकीकत आपल्या रोजनिशीत नोंदवली असून ती रोजनिशी १८१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या जातीची सारी झाडे ज्या मूळ वृक्षावरून कलमे करून वाढवली, त्या वृक्षाला फळांच्या हंगामात हा मान मिळत असे. मुंबईच्या रोपवाटिकांचा इतिहास याच झाडापासून सांगायला हवा. #थ्रेड

२/ पहारा फळांच्या चोरीसाठी असेल. पण त्या नोंदीतला महत्त्वाचा शब्द आहे तो ‘मूळ वृक्ष’. कोय रुजवून आलेला आंबा आईच्या गुणाचा निघेलच याची शाश्वती नसते. कलमाचे झाड मात्र गुणाने आईचीच प्रत असते. म्हणून रोपांचा धंदा करणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे मातृवृक्ष. तो जिथे उभा असतो तिथेच रोपवाटिका असते. बाकीचे रोपांचे दुकान.

३/ गेल्या दोन शतकांत मुंबईत नेमका हाच बदल झाला. शहरात रोपे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त विकली जातात, मात्र ती ज्या झाडांपासून तयार होतात ती झाडे शहरात उरलेली नाहीत. हा बदल आवडीनिवडीतून झाला नाही. जमिनीच्या भावाने तो घडवला. आणि त्याची किंमत शहर आज आपल्या रस्त्यांवर मोजत आहे.

४/ प्रारंभ गिरगावापासून. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, बोरभाट, मुगभाट. आज ही बसथांब्यांची आणि चाळींची नावे वाटतात. ‘वाडी’ म्हणजे कुंपण घातलेली बागायत. ‘भाट’ हा शब्दही बागायती जमिनीचाच, गोव्यात तो त्या अर्थाने अजून बोलला जातो. प्रत्येक नावामागची व्युत्पत्ती निर्विवाद नाही, पण दक्षिण मुंबईचा मोठा भाग एके काळी नारळीच्या बागांनी व्यापलेला होता याविषयी शंका नाही.

५/ या वाड्यांमध्ये वेगळी ‘नर्सरी’ नसे. वाडीचा एक ओलसर, सावलीचा कोपरा तेच काम करी. भरपूर धरणाऱ्या, मध्यम वयाच्या माडावरचे पक्व नारळ निवडून वाळूमातीत आडवे मांडायचे, लवकर कोंब फुटलेले ठेवायचे, रेंगाळलेले काढून टाकायचे. रोप कुणाचे, हा प्रश्नच नसे, कारण ज्या माडाचे ते पोर तो माड शेजारीच डोलत असे.

६/ त्या काळाचे चित्र फार गोड करण्याचे कारण नाही. वाडी ज्याची, रोपही त्याचेच. माडावर चढणारा भंडारी आणि पाणी शिंपणारा गडी यांच्या नावावर जमीन असेलच असे नव्हते. ज्ञान हातात होते, मालकी दुसऱ्याकडे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हे सूत्र वेगवेगळ्या रूपात दिसते.

७/ १८३० मध्ये पश्चिम भारताची ‘अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ स्थापन झाली आणि तिची बाग शिवडीत उभी राहिली. कलकत्त्याजवळच्या शिवपूरची कंपनी सरकारची बाग १७८७ पासूनची. मुंबईला हे वैभव तुलनेने उशिरा लाभले. हेतू सरळ होता : साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून वनस्पती आणायच्या, इथल्या हवेत त्या टिकतात का हे पाहायचे आणि टिकलेल्या पसरवायच्या.

८/ याच सुमारास लंडनमध्ये डॉ. नथानिएल वॉर्ड यांना बंदिस्त काचपेटीत रोप दीर्घकाळ जगते असे आढळले. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत सुखरूप पोहोचली. तोवर जहाजावरची खारी हवा आणि पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. काचपेटीने रोपांचा जागतिक व्यापार शक्य केला. जन्मले एका खंडात, विकले गेले दुसऱ्या खंडात, अशी रोपाची नवी कुंडली तयार झाली.

९/ शिवडीच्या बागेची धुरा काही काळ जॉन ग्रॅहम यांच्याकडे होती. (मारियाशी केवळ आडनावाचे साम्य.) पेशाने हे गृहस्थ मुंबईच्या टपाल खात्यातले अधिकारी. मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची त्यांनी तयार केलेली सूची १८३९ मध्ये निघाली, आणि त्याच वर्षी खंडाळ्याला त्यांचे निधन झाले. उरलेली पाने जोसेफ निम्मो यांनी पूर्ण केली.

१०/ त्या सूचीत रानात आपोआप वाढणारी झाडे आणि बागेत लावलेली झाडे यांचा भेद जपलेला आहे. कोणते झाड इथले, कोणते पाहुणे, हे त्यामुळे आजही सांगता येते. वसाहतीच्या नफ्यासाठी चाललेल्या या उद्योगाबद्दल फार हळवे होण्याची गरज नाही. परंतु रोपाबरोबर त्याची माहितीही जपली पाहिजे ही शिस्त तिथे होती, हे मान्य करावे लागते.

११/ आज मुंबईचा उन्हाळा ज्याच्या लाल फुलांवरून ओळखला जातो तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा. मुंबईत तो प्रथम शिवडीतच, १८४० च्या सुमारास आल्याचे सांगितले जाते. पावणेदोनशे वर्षांत तो इतका आपला झाला की मराठी कवितेतून त्याला वेगळा काढणे अवघड. परदेशी झाड म्हणजे वाईट झाड, असा सोपा निष्कर्ष या इतिहासातून निघत नाही.

१२/ पुढे शिवडीच्या बागेचे काय झाले? १८६५ च्या सुमारास, आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि टिळकांचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा तिथेच विसावले आहेत. मुंबईच्या एका आद्य रोपवाटिकेची जागा पाहायची असेल तर इतिहासप्रेमींना कबरींच्या रांगांमधून चालावे लागते.

१३/ सोसायटीचा मुक्काम तोवर भायखळ्याला हलला होता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे राणीची बाग, खुली झाली. बाग आणि तिच्या आवारातले संग्रहालय यांच्या उभारणीत डॉ. जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबर जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचाही वाटा होता. १८७३ मध्ये बागेचा कारभार नगरपालिकेकडे आला. सोसायटीचे नाव मात्र पुण्यात टिकले; तिथले एम्प्रेस गार्डन याच नावाची संस्था सांभाळते.

१४/ राणीच्या बागेतला ‘उर्वशी’ हा वृक्ष या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तो मूळचा ब्रह्मदेशातला. झुंबरासारखी लोंबणारी लाल-पिवळी फुले ही त्याची ओळख. त्याला बी क्वचितच धरते. फांदीवर गुटी बांधून किंवा फांदी मातीत दाबून तिला मुळे फुटण्याची वाट पाहावी लागते. म्हणजे मूळ झाड गेले की वंश थांबला. मातृवृक्षाचे महत्त्व याहून स्पष्ट करून सांगता येणार नाही.

१५/ गुटी बांधणारे, डोळा भरणारे, कलमाच्या जोडाला सुतळी आवळणारे हात माळ्यांचे होते. अशा संस्थांच्या इतिहासात गव्हर्नर, डॉक्टर आणि शेठ यांची नावे ठळकपणे येतात. माळ्यांची येत नाहीत. बागेतून बाहेर पडलेली कला मात्र याच हातांतून शहरभर, बंगल्यांच्या आवारांत आणि पुढे छोट्या नर्सऱ्यांत पोहोचली.

१६/ दरम्यान जमिनीचा अर्थ बदलत होता. ज्या ताडदेवच्या नावातच ताड आहे, त्या ताडदेवला कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. मग कापसाची तेजी आली, परळ-लालबागेत धुराडी उभी राहिली, गिरगावातल्या वाड्यांत चाळी बांधल्या गेल्या. माडाला फळे धरायला सहा-सात वर्षे लागतात. खोलीचे भाडे पहिल्याच महिन्यापासून येते. या हिशेबापुढे बागायत टिकणे अशक्य होते.

१७/ १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी जोशी यांनी दादर पारशी कॉलनी वसवताना रस्त्यांच्या कडेला झाडांच्या विचारपूर्वक रांगा लावून घेतल्या. आज तिथली सावली अनुभवणाऱ्याला एक गोष्ट ध्यानात यावी : ही झाडे लावणाऱ्याने स्वतःच्या हयातीपलीकडचा विचार केला होता. रोप खरेदी करताना तो शंभर वर्षांचा रस्ता खरेदी करत होता.

१८/ गिरणगावात याच्या अगदी उलट परिस्थिती होती. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला झाड लावायला जमीन कुठली? मग गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेल्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात तुळस आली, तिच्या शेजारी ओवा, गवती चहा आणि कोरफड. बहुतेक रोपे विकत घेतलेली नसत. गावाहून येताना पिशवीतून आणलेली फांदी, शेजारणीने दिलेल्या मंजिऱ्या, हीच गिरणगावची रोपवाटिका. पैशाचा व्यवहार नव्हता, पण रोप कुठून आले हे प्रत्येकीला ठाऊक होते.

१९/ दादरच्या फूलबाजारात ही ओळख अजून थोडी शिल्लक आहे. वसईकडचा सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने येतो. गणपती आणि दसऱ्याच्या आधी पालघर-कसारा भागांतल्या आदिवासी स्त्रिया पत्री, आंब्याचे टहाळे, आपट्याच्या फांद्या घेऊन पदपथावर बसतात. कोणते पान कोणत्या डोंगरावर मिळाले, हे त्यांना विचारले तर सांगता येते. त्यांच्या शेजारीच काळ्या पिशव्यांतल्या शोभेच्या रोपांच्या रांगा असतात. त्या रोपांचे मूळ विक्रेत्यालाही माहीत नसते.

२०/ तेवढ्यात शहराची शेवटची मोठी मोकळी जमीन बाजारात आली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. सुमारे ६०० एकर गिरणीजमिनीपैकी साधारण एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून शहराला मिळावी, असे १९९१ च्या नियमावलीचे सूत्र होते. २००१ च्या बदलाने ही वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

२१/ रोपांच्या धंद्याशी याचा थेट संबंध आहे. जी जमीन उद्याने होऊ शकली असती तिथे मनोरे उभे राहिले, आणि बाग चढली वाहनतळाच्या छतावर. तिला ‘पोडियम गार्डन’ म्हणतात. तिथे मातीचा थर उथळ असतो, खाली गाड्या असतात. मूळ खोल धरणारा वड, पिंपळ, आंबा तिथे लावताच येत नाही. मग लागतात ती एकसारख्या उंचीची, लगेच शोभणारी आणि वाळली तर कंत्राटदाराने बदलून द्यायची रोपे.

२२/ अशी हजारो एकसारखी रोपे शहरात तयार होणे शक्य नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचन, सोरतापवाडी हा पट्टा आणि आंध्रातील राजमहेंद्रीजवळचे कडियम ही आज देशातील मोठी रोपकेंद्रे आहेत. तिथून निघालेला ट्रक रातोरात मुंबईत पोहोचतो. मधल्या व्यवहारात दोन-तीन हात बदलतात, आणि प्रत्येक हाताबरोबर रोपाची माहिती थोडी थोडी गळून पडते. मोबाइलवरून मागवलेल्या रोपाला तर विक्रेत्याचा चेहराही नसतो.

२३/ या बदलाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. बीपासून वाढवलेल्या सोनचाफ्याच्या पहिल्या फुलासाठी बरीच वर्षे थांबावे लागे. कलमी सोनचाफा कुंडीतही वर्ष-दोन वर्षांत फुलतो. जे सुख एके काळी मलबार हिलच्या बंगल्यांना होते, ते लालबागच्या गॅलरीत आले. या धंद्याने कित्येक शेतकऱ्यांना कोरडवाहू शेतीतून बाहेर काढले, हातगाडीवर रोपे विकणाऱ्याचा संसार चालवला. दोष त्यांच्या माथी मारता येत नाही.

२४/ प्रश्न कुंडीतल्या रोपाचा नाही, कारण त्याचे आयुष्य आणि परिणाम दोन्ही मर्यादित. प्रश्न आहे तो जमिनीत लागणाऱ्या, पन्नास-शंभर वर्षे उभ्या राहणाऱ्या वृक्षाचा. तोही आज कुंडीतल्या रोपासारखाच खरेदी होतो : नग, उंची आणि दर. बी कुठल्या झाडाचे, ते झाड कोणत्या पावसात वाढलेले, हे खरेदी करणारा विचारत नाही. मग विकणाऱ्याने तरी ते का लक्षात ठेवावे?

२५/ विशेष म्हणजे ही विचारणा महाराष्ट्राच्या कायद्याला अपरिचित नाही. १९६९ च्या फळरोपवाटिका नियमन कायद्यानुसार परवानाधारकाला खुंट आणि कलमकाडी कुठून आणली याची नोंद ठेवावी लागते. कारण उघड आहे : खोटा हापूस निघाला तर शेतकऱ्याची दहा वर्षे वाया जातात. फळझाडाला जी वंशावळ सक्तीची, ती रस्त्यावरच्या वृक्षाला मात्र कुणी मागत नाही. जणू चुकीच्या वृक्षामुळे शहराची वर्षे वाया जात नाहीत!

२६/ झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी लागवड मागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारशाचा दर्जा दिला आणि ते तोडायचे झाल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाच्या बदल्यात कुठलीही ऐंशी रोपे, हा हिशेब संख्येत बरोबर असला तरी सावलीत चुकतो.

२७/ २०२० पासून मुंबईत गाजलेल्या मियावाकी वनांचेही असेच. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीचा पाया दाट लागवड हा जितका, तितकाच त्या जागेच्या मूळ वनातल्या झाडांचे बी गोळा करून रोपे वाढवणे हाही आहे. मुंबईने त्यातली दाटी उचलली. स्थानिक बियांचा आग्रह तितक्या जोमाने उचललेला दिसत नाही. कारण पुन्हा तेच : बी द्यायला मातृवृक्ष आणि रोप वाढवायला जागा लागते.

२८/ एकाच जातीवर विसंबण्याचा धोका मुंबईने पाहिलेला आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या वर्षावृक्षांच्या रांगांनी शहराला अनेक दशके सावली दिली. गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने त्यांपैकी कित्येक वाळवले. झाड परके होते हा मुद्दा गौण. एकसारख्या झाडांच्या रांगेत कीड सहज पसरते, आणि बदली रोपे मागताना पुन्हा बाजारात स्वस्त मिळेल तेच मागितले जाते, हा मुद्दा मुख्य.

२९/ यावर उपाय आहेत, आणि ते फार खर्चिक नाहीत. महापालिकेने वृक्षांची रोपे घेताना प्रत्येकाचे शास्त्रीय नाव, बी वा कलम कुठले आणि पेरणीचे वर्ष ही तीन माहितीची कलमे सक्तीची करावीत. फळझाडांना लागू असलेली शिस्त रस्त्यांवरच्या झाडांना लावायची, एवढाच त्याचा अर्थ. मागणी आली की उरुळीचा शेतकरीही नोंद ठेवू लागेल. बाजार जे विचारतो तेच तो पिकवतो.

३०/ दुसरा उपाय भायखळ्याला उभा आहे. राणीच्या बागेत तीन हजारांहून अधिक झाडे आहेत. २००७ नंतर तिथल्या पुनर्विकासाच्या आराखड्यावर वाद झाला तेव्हा नागरिकांनी याच झाडांसाठी लढा दिला. पेंग्विन पाहायला येणाऱ्या गर्दीच्या वाटेवरच हे मातृवृक्ष आहेत. केवळ पाहण्याचे उद्यान म्हणून न ठेवता, त्यांच्या बिया आणि गुट्यांपासून शहरासाठी नोंदणीकृत रोपे तयार झाली, तर १८३० मध्ये शिवडीत सुरू झालेले काम मुंबईकरांच्या हितासाठी पुढे चालू राहील.

३१/ माझगावचा तो आंबा आज नाही. त्याच्यावर पहारा बसवणाऱ्यांना पर्यावरणाची फारशी कळकळ असेल असे नाही. त्यांना फळ हवे होते. पण फळ हवे तर मूळ वृक्ष राखावा लागतो, एवढे व्यवहारज्ञान त्यांच्याजवळ होते. पुढच्या पावसाळ्यात दादर-परळच्या पदपथावर रोप घेणाऱ्या तरुणाने विक्रेत्याला दरासोबत आणखी एक प्रश्न विचारावा : “हे रोप कुठले?” उत्तर बहुधा मिळणार नाही. पण शंभर जणांनी विचारले तर शंभर-एकाव्यासाठी ते शोधून ठेवले जाईल.

#मुंबईचा_इतिहास #गिरणगाव #राणीची_बाग